शेतातील अधिवास व्यवस्थापन

पिकांवरील किडींना खाणारे किंवा त्यांच्या शरीरात वाढणारे मित्रकीटक, तसेच कोळी, बेडूक, पक्षी हे जीव शेतात वर्षभर टिकून राहावेत, यासाठी बांध, आंतरपिके, कडेच्या ओळी, पालापाचोळा आणि झाडेझुडपे यांची केलेली मांडणी व निगा. जैविक कीडनियंत्रणाचा हा एक मार्ग आहे. प्रयोगशाळेत वाढवलेले कीटक शेतात सोडणे किंवा दुसऱ्या प्रदेशातून आणणे हे इतर मार्ग. अधिवास व्यवस्थापनात बहुतेक वेळा बाहेरून काहीच आणावे लागत नाही. शेतात मुळातच असलेले जीव हुसकले जाऊ नयेत, एवढे पाहायचे असते. एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या शिफारशींत या मार्गाचा उल्लेख असतो. मात्र फवारणीच्या वेळापत्रकापुढे तो मागे पडतो, आणि हे नुकसानीचे आहे.

मित्रकीटकांना आसरा, मधुरस, परागकण आणि पिकावर कीड नसतानाच्या काळात पर्यायी भक्ष्य लागते. सिरफिड माशीची अळी मावा फस्त करते, पण प्रौढ माशी फुलांवर जगते. किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालणारा ट्रायकोग्रामा एक मिलिमीटरहूनही लहान असतो. मधुरस मिळाला तर तो अधिक दिवस जगतो. अशा कीटकांची मुखांगे आखूड असल्याने त्यांना कोथिंबीर, बडीशेप, शेपू यांची लहान, उघडी फुले सोयीची पडतात. हरभऱ्यात धण्याच्या ओळी घेतल्यास घाटेअळीवर जगणाऱ्या कॅम्पोलेटिस या परजीवी कीटकाला बळ मिळते. हरभऱ्याच्या बियाण्यात थोडी ज्वारी मिसळली, तर तिची उंच ताटे पक्ष्यांना बसायला कामी येतात आणि कोतवाल, साळुंक्या अळ्या टिपतात.

कपाशीत चवळीच्या ओळी घेण्यामागेही हेच गणित आहे. चवळीवरच्या माव्यावर ढालकिडे आणि क्रायसोपा हे मावा खाणारे कीटक वाढतात व तेथून कपाशीकडे वळतात. कडेची मका किंवा ज्वारी त्यांना परागकण आणि आडोसा देते. झेंडूचे काम वेगळे आहे: तो सापळा पीक म्हणून लावतात. अमेरिकन बोंडअळीची मादी त्यावर अंडी घालते, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवून अंडी-अळ्या नष्ट कराव्या लागतात. दुर्लक्ष झाल्यास तो सापळा किडीचे आगर बनतो.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण उसाचे आहे. 2002 मध्ये सांगली भागात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात पसरला. उंच, दाट उसात फवारणी नीट पोचत नव्हती. पुढे डिफा ही मावा खाणारी अळी आणि मायक्रोमस या भक्षक कीटकांची संख्या वाढली, एन्कार्सिया हा परजीवी कीटक ईशान्य भारतातून आणून पसरवला गेला, आणि मावा आटोक्यात आला. एन्कार्सिया बाहेरून आणला असला तरी तो आणि स्थानिक भक्षक टिकले ते फवारणी आवरती घेतलेल्या फडांत. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, जाळण्याचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. उसावरील पायरिला किडीचा शत्रू असलेल्या एपिरिकेनियाचे कोष उसाच्या पानांवर असतात. पाचट पेटवले की ते कोष आणि खाली लपलेले कोळी, भुंगेरे सारे जळून जातात. पाचट सरीत ठेवून कुजवणे हे म्हणूनच खताइतकेच कीडनियंत्रणाचेही काम आहे.

मात्र बांधावरची प्रत्येक हिरवी गोष्ट राखायची नसते. कपाशीवरील पिठ्या ढेकूण गाजरगवतावर आणि इतर अनेक तणांवर जगतो, त्यामुळे ते गवत काढणेच योग्य. याच किडीला पुढे एनासियस नावाच्या इवल्या परजीवी कीटकाने मोठ्या प्रमाणात आवर घातला, तोही अतिफवारणी टाळलेल्या शेतांत अधिक. बांधावर (विदर्भात धुऱ्यावर) कोणती झाडे ठेवायची हे पीक आणि त्यावरची कीड पाहून ठरते. सरसकट तणनाशक मारणे किंवा उन्हाळ्यात बांध पेटवून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

इतर देशांत याचे वेगळे आविष्कार दिसतात. इंग्लंडमध्ये 1980 नंतरच्या दशकात मोठ्या गव्हाच्या शेतांतून गवताचे उंचवटे तयार करण्याची पद्धत पुढे आली. हिवाळ्यात भुंगेरे आणि कोळी त्यांत आसरा घेतात व वसंतात पिकात पसरतात. केनियात मक्याच्या ओळींत डेस्मोडियम ही शेंगवर्गीय चारा वनस्पती व कडेने हत्तीगवत लावतात. पहिले खोडकिडीच्या पतंगाला दूर ठेवते, दुसरे त्याला आपल्याकडे ओढते. थायलंड, चीन आणि व्हिएतनाममधील भातखाचरांच्या बांधांवर तीळ व इतर फुलझाडे लावून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले: कीटकनाशकांच्या फवारण्या सुमारे 70 टक्क्यांनी घटल्या आणि उत्पादन सुमारे 5 टक्क्यांनी वाढले.

या पद्धतीला मर्यादा आहेत. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरल्यावर बहुतेक मित्रकीटकांच्या आवाक्याबाहेर जाते. तिच्यासाठी फरदड (हंगामानंतरही तीच कपाशी राखून घेतलेले पीक) न घेणे आणि पऱ्हाटीचा (कपाशीच्या उरलेल्या झाडांचा) वेळेवर नायनाट करणे अधिक परिणामकारक ठरते. हंगामाच्या सुरुवातीलाच व्यापक परिणामाचे कीटकनाशक फवारले, तर मित्रकीटक आधी मरतात आणि नंतर कीड त्यांच्याविना वाढते. शेते लहान असल्याने शेजारच्या फवारणीचा परिणामही बांध ओलांडून येतो. त्यामुळे एकट्या शेतापेक्षा सलग शिवारात ही व्यवस्था केली, तर ती चांगली रुजते.