टँडेम सायकलचा फोर्क बदलणे आणि स्टीअरिंगची जुळवणी

टँडेम म्हणजे एकामागे एक बसून दोघांनी चालवायची सायकल. तिचा फोर्क, म्हणजे पुढचा चिमटा, बदलला की स्टीअरिंगचा स्वभाव बदलतो. तो किती बदलणार आणि कुठल्या बाजूला, हे फोर्क विकत घ्यायच्या आधीच कागदावर काढता येतं आणि काढायलाच हवं, कारण एकदा फोर्क बसला की नंतर पाना फिरवून सुधारण्यासारखं फार थोडं उरतं.

पुढे बसणाऱ्याला कॅप्टन म्हणतात आणि मागच्याला स्टोकर. हँडल फक्त कॅप्टनच्या हातात असतं, स्टोकरचं हँडल नुसतं धरायला असतं. (19व्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत काही टँडेमवर मागचं हँडलही दांड्याने पुढच्या चिमट्याला जोडलेलं असायचं, ती पद्धत टिकली नाही.) पण स्टोकर स्टीअरिंगमध्ये भाग घेत नाही असं मात्र अजिबात नाही. तो पाण्याची बाटली काढायला वाकला, मागे वळून बघितलं, सीटवर जरा सरकला की अख्खी सायकल कलते आणि कलली की पुढचं चाक त्या बाजूला वळायला बघतं. हे वळणं किती जोरात होणार ते मुख्यतः ट्रेल ठरवतो, म्हणून टँडेमच्या फोर्कची सगळी चर्चा शेवटी ट्रेलवर येऊन थांबते.

ट्रेल समजायला सोपा आहे. हेडट्यूबची, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या ज्या नळीत फोर्क फिरतो तिची, मधली रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते, या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. सामानाच्या ट्रॉलीचं फिरतं चाक जसं आपल्या पिनच्या मागे ओढलं जातं तसंच हे. ट्रेल तीन गोष्टींवर ठरतो: हेडट्यूबचा जमिनीशी होणारा कोन, चाकाची त्रिज्या आणि फोर्कचा रेक, म्हणजे स्टीअरिंगच्या रेषेपासून (हेडट्यूबची मधली रेषा) चाकाचा अ‍ॅक्सल किती पुढे आहे ते काटकोनात मोजलेलं अंतर. हिशोब असा: त्रिज्या गुणिले कोनाचा कोसाइन, त्यातून रेक वजा, आणि आलेल्या आकड्याला कोनाच्या साइनने भागायचं. त्रिज्या 340 मिमी, कोन 73 अंश, रेक 45 मिमी धरला तर ट्रेल साधारण 57 मिमी येतो. बाकी सगळं तेच ठेवून रेक 55 केला तर 46 वर उतरतो, म्हणजे रेक वाढला की ट्रेल कमी होतो, आणि इथेच बऱ्याच जणांचा उलटा समज असतो.

सायकल तोल कशी सांभाळते याचं पूर्ण उत्तर ट्रेलमध्ये नाही हेही सांगायला हवं. 1970 मध्ये डेव्हिड जोन्सने मुद्दाम बिघडवलेल्या सायकली चालवून बघून ट्रेलचं महत्त्व दाखवलं होतं, पण 2011 मध्ये संशोधकांनी ट्रेल किंचित उणे असलेली आणि चाकांचा जायरोस्कोपिक परिणामही (फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा तोल धरण्याचा गुण) रद्द केलेली सायकल आपोआप उभी राहते हे करून दाखवलं. तरीसुद्धा त्याच फ्रेमवर एका फोर्कच्या जागी दुसरा बसवायचा असेल तर तुलना करायला ट्रेलइतका उपयोगी आकडा दुसरा नाही.

टँडेमला ट्रेल किती असावा यावर बनवणाऱ्यांमध्येच दोन मतं आहेत. जास्त ट्रेल, म्हणजे 55 च्या आसपास किंवा वर असला की वेगात सायकल सरळ धरून चालते, उतारावर निवांत वाटतं, पण चढावर वेग कमी झाला की पुढचं चाक एका बाजूला पडायला बघतं आणि स्टोकरच्या प्रत्येक हालचालीचा हिशोब कॅप्टनच्या खांद्यांना चुकता करावा लागतो. कमी ट्रेल, म्हणजे 40 ते 45 वगैरे, असला की कमी वेगात हँडल हलकं लागतं, स्टोकर हलला तरी चाक कमी ओढतं, मात्र वेगात हात शांत ठेवायला लागतात. माझं मत कमी ट्रेलच्या बाजूने आहे, कारण टँडेमचा चाकांमधला पल्ला लांब असल्यामुळे ती मुळातच सरळ जाणारी गाडी आहे आणि कॅप्टन थकतो तो चढावर, ताशी आठ-दहा किलोमीटरने जाताना. पण ज्या जोडीला एका सायकलची सवय झालीय त्यांनी नवा फोर्क जुन्याच्या ट्रेलपासून चार-पाच मिमीच्या आतच ठेवावा हे बरं.

दुसरं माप म्हणजे फोर्कची उंची, अ‍ॅक्सलच्या मध्यापासून क्राउनवर, म्हणजे फोर्कचे दोन पाय वर जुळतात तिथे, खालचा बेअरिंग बसतो तिथपर्यंत. उंच फोर्क लावला की पुढचा भाग वर जातो, हेडट्यूबचा कोन कमी होतो आणि ट्रेल वाढतो. इथे टँडेमला तिच्या लांबीचा फायदा मिळतो. फोर्क 20 मिमीने उंच केला तर एकट्याच्या सायकलवर, जिचा पल्ला साधारण 1 मीटर असतो, कोन 1 अंशाहून जास्त बदलतो, आणि 1750 मिमी पल्ल्याच्या टँडेमवर तोच बदल साधारण पाऊण अंशाच्याही आत राहतो, म्हणजे ट्रेल 4 मिमीच्या आसपास वाढतो. पण कॅप्टनचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस फिरतो ती जागा, पुढे असल्यामुळे तो 13 मिमीच्या आसपास वर जातो आणि स्टोकरचा फक्त 5, त्यामुळे थांबल्यावर दोघांचं वजन पायावर तोलणाऱ्या कॅप्टनला जमीन लांब वाटायला लागते. शिवाय उंच फोर्क हेडट्यूबवर जास्त तरफ लावतो, म्हणून सस्पेन्शन फोर्क घालायचा असेल तर फ्रेम त्या उंचीसाठी बनवलीय का हे आधी बघा, आणि हिशोब करताना दोघे बसल्यावर फोर्क जेवढा दबतो तेवढी उंची वजा करा. ब्रेक मारल्यावर तो अजून दबतो, कोन उभा होतो आणि ट्रेल नेमका तेव्हाच घटतो.

जुनी मापं घ्यायची ती सायकल सपाट फरशीवर, टायर नेहमीच्या हवेवर असताना. हेडट्यूबला लांब सरळ पट्टी लावून रेषा जमिनीवर कुठे येते त्याची खूण करायची, अ‍ॅक्सलवरून ओळंबा सोडून दुसरी खूण, मधलं अंतर हाच ट्रेल. कोन मोबाईलच्या अँगल मीटरने कामापुरता मिळतो. स्टीअररचा, म्हणजे हेडट्यूबमध्ये जाणाऱ्या फोर्कच्या नळीचा, व्यास न विसरता तपासा, कारण टँडेमवर 1 इंच, सव्वा इंच, 1⅛ इंच आणि खाली दीड इंचापर्यंत रुंद होणारा निमुळता, हे सगळे प्रकार सापडतात.

ताकदीच्या बाबतीत तडजोड करू नये. दोघांचं वजन, सामान आणि उतारावरचा ब्रेक हे सगळं एकाच चिमट्यावर येतं, म्हणून टँडेमसाठी चालतो असं बनवणाऱ्याने स्पष्ट सांगितलेलाच फोर्क घ्यावा, कार्बनचा असेल तर नक्कीच. डिस्क ब्रेक असेल तर रोटरचा, म्हणजे ब्रेकच्या चकतीचा, कमाल आकारही बघा, मोठा रोटर डाव्या पायावर खूप जोर टाकतो. स्टीलच्या फोर्कचा रेक जाणकार फ्रेम बनवणारा थंड वाकवून थोडा बदलू शकतो. अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बनला तसं कधीही करायचं नाही.

फोर्क बसल्यावर हातात उरतं ते टायर, स्टेम (हँडल धरणारा तुकडा), हँडल आणि हेडसेट (हेडट्यूबमधले बेअरिंग). 28 मिमीच्या जागी 38 मिमीचा टायर घातला की त्रिज्या साधारण 10 मिमीने आणि ट्रेल 3 मिमीने वाढतो. रुंद हँडलने कॅप्टनला जास्त ताकद मिळते. हेडसेटमध्ये खेळ राहता कामा नये, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली की तो हाताला कळतो, पण घट्टही करायचा नाही, घट्ट हेडसेटने सायकल सरळ रेषेत जाऊच शकत नाही, सारखी नागमोडी चालते. वेगात हँडल थरथरायला लागलं तर त्यामागे फोर्कची लवचीकता, ढिला हेडसेट, असमान चाक किंवा मागच्या कॅरिअरवरचं हलणारं सामान असू शकतं. त्या क्षणी कॅप्टनने गुडघे टॉप ट्यूबला टेकवून हळूहळू वेग कमी करायचा.

चाचणी आधी एकट्याने, मग स्टोकरसकट, रिकाम्या जागेत. अगदी हळू गोल फेऱ्या, मग स्टोकरने मुद्दाम डावीउजवीकडे सरकायचं, मग चढ, आणि उतार सगळ्यात शेवटी. स्टोकरला काय वाटलं ते नीट विचारा, मागून येणारा डोल कॅप्टनला बऱ्याचदा रस्त्याचा वाटतो आणि तो स्टीअरिंगचा आहे हे मागे बसलेल्यालाच आधी समजतं.