मांडणी, मांडणशिल्प आणि भांड्यावरचं नाव

घरातल्या वापरलेल्या वस्तू घ्यायच्या आणि त्यातून आठवण उभी करायची, हे काम आपल्याकडच्या कलेत खऱ्या अर्थाने सुरू झालं ते १९९२-९३ च्या दंगलींनंतर, असं मी तरी मानतो. त्याआधी कोणी केलंच नाही असं नाही, पण मुंबईत तेव्हा जे झालं त्याने कॅनव्हास अपुरा पडायला लागला. तोपर्यंत चित्रं काढणाऱ्या एक मुंबईकर कलावंत बाई, ज्यांना दंगलीत स्वतःचं राहतं घर काही काळ सोडावं लागलं, त्यांनी ब्रश बाजूला ठेवला आणि मातीची मडकी हातात घेतली. मडकी मधोमध कापायची, आरशावर ठेवायची, म्हणजे अर्धं मडकं खरं आणि उरलेलं अर्धं नुसतं प्रतिबिंबात, बाजूला गेरू. त्यांना आयुष्य फार कमी मिळालं, १९९९ मध्ये त्या गेल्या, पण ती फुटकी मडकी बघितल्यावर मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याच सुमारास दिल्लीतल्या एका ज्येष्ठ कलावंताने मुंबईच्या रस्त्यावर पडलेल्या मृतदेहाचा पेपरातला फोटो घेऊन एक स्मारक केलं, १९९३ चं, आणि त्याची कमान केली ती पत्र्याच्या ट्रंकांची. ट्रंक आपल्याकडे लग्नात येते, बदलीत जाते आणि घर सोडून पळायची वेळ आली की पहिली तीच उचलली जाते.

आता शब्दाचा घोळ, आणि तो मोठा आहे. वस्तू एखाद्या जागेत मांडून केलेली कलाकृती, इंग्रजीत जिला इन्स्टॉलेशन म्हणतात, तिला मराठीत मांडणशिल्प हा शब्द रुळला. तो काहींना अजूनही पटत नाही. त्यांचं म्हणणं असं की शिल्प म्हणजे घडवलेलं, कोरलेलं, ओतलेलं, त्यात हाताचं कसब पाहिजे, नुसत्या चार वस्तू आणून ठेवल्या तर त्याला शिल्प कसं म्हणायचं, फार तर मांडणी म्हणा. दुसरी बाजू सांगते की संस्कृतात शिल्प म्हणजे कुठलंही कसब, कुठलीही हस्तकला, छिन्नी-हातोड्यापुरता अर्थ आपण नंतर आवळून घेतला. दोन्हीत तथ्य आहे. पण मला यातला मांडण हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण मांडणी म्हणजे काय हे मराठी घरात कोणाला शिकवावं लागत नाही. स्वयंपाकघरात भिंतीला ठोकलेली ती स्टीलची मांडणी, वर डबे उतरत्या क्रमाने, खाली ताटं उभी, वाट्या एकात एक, आणि पाहुण्याने पेला चुकीच्या जागी ठेवला तर आईला लांबूनच कळायचं. ते कसब नाही तर काय आहे? त्यामुळे मांडणी हा कमी प्रतीचा शब्द आहे हे मला मान्यच नाही.

आणि त्या भांड्यांवर नावं असायची. कोणाच्या मुंजीनिमित्त, कोणाची सप्रेम भेट, तारखेसकट, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात. तांब्यापितळेची भांडी आणि त्यांना लागणारी कल्हई मागे पडून स्टील आलं तेव्हा कित्येक घरांत ते बोहारणीकडून आलं, जुन्या साड्या देऊन. म्हणजे त्या पातेल्यात आजीची साडी आहे असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून स्टीलच्या भांड्यांच्या कलाकृतींत आठवण दिसते की नुसता बाजार, असा वाद होतो तेव्हा माझं पारडं आठवणीच्या बाजूला झुकतं. बिहारमधून दिल्लीला आलेल्या आणि पुढे जगभर नाव झालेल्या एका कलावंताने १९९६ मध्ये २९ लाकडी पाट मांडून लहानपणच्या आठवणींचं काम केलं होतं, ते मला अजून जवळचं वाटतं. त्यांचीच २००६ ची भांड्यांची महाकाय कवटी पॅरिसच्या चर्चमध्ये लागली, पुढे व्हेनिसला गेली, प्रसिद्धी प्रचंड, पण ती भांडी चकचकीत, बाजारातली. त्यात बाजार दिसतो, देश दिसतो, आठवण कमी दिसते. नंतर त्यांनीच पोचे पडलेल्या जुन्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा ढीग करून त्यात चालू नळ सोडले आणि तिथे आठवण परत आली.

बाहेरच्या देशांचा मागचा इतिहास बहुतेकांना माहीत असतो, १९१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कलाकृती म्हणून प्रदर्शनाला पाठवलेलं युरिनल, १९३६ चा केसाळ चामड्याने मढवलेला कपबशीचा सेट, १९६० च्या आसपास पॅरिसमध्ये जेवून झालेलं टेबल खरकट्या ताटांसकट चिकटवून भिंतीला टांगणं वगैरे. पण त्यात आठवणीपेक्षा धक्का जास्त होता. आठवण मध्यभागी आली ती कोलंबियात, जिथे एका शिल्पकार बाईने तिथल्या हिंसाचारात बेपत्ता झालेल्यांचे बूट भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवून वर जनावराच्या मूत्राशयाचा पातळ पडदा शिवला, कपाटं सिमेंटने भरली, आणि २००२ मध्ये बोगोटाच्या न्यायालयाच्या इमारतीवरून ५३ तासांत साधारण २८० खुर्च्या हळूहळू खाली सोडल्या. तिथे नोव्हेंबर १९८५ मध्ये हत्याकांड झालं होतं.

आणि मग २००५ चं बीजिंग. नवरा २००२ मध्ये गेल्यावर एक बाई खचली, काहीच टाकवत नव्हतं तिला, टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूब, बाटल्या, चपला, कापडाचे तुकडे, टंचाईच्या काळात जमवलेला कपड्यांचा साबण. तो साबण तिने मुलाला लग्नात देऊ केला, मुलगा म्हणाला माझ्याकडे वॉशिंग मशीन आहे, तरी तिने तो जपून ठेवला. तोच मुलगा कलावंत, त्याने घराच्या लाकडी सांगाड्यासकट दहा हजारांहून जास्त वस्तू गॅलरीत आणल्या आणि लावायला आईलाच बसवलं. २००९ मध्ये ती गेली, त्याच वर्षी हे सगळं न्यूयॉर्कला लागलं. तेव्हापासून कुठेही प्रदर्शन असलं की मुलगा, त्याची बहीण आणि बायको मिळून ती मांडणी लावतात.