बालदारिद्र्य निवारणाची शासकीय धोरणे

बालदारिद्र्य निवारणाची शासकीय धोरणे : मुलांच्या वाट्याला येणारी गरिबी कमी करण्यासाठी शासन करते ते कायदे, योजना व अर्थसाहाय्य. मुलांना स्वतःचे उत्पन्न नसते, त्यामुळे मदत मुलासाठी असली तरी ती मोठ्यांच्या हाती द्यावी लागते. पैसे मिळाले की पालक कामधंदा सोडतील ही जुनी शंका, आणि पालकांच्या परिस्थितीची शिक्षा मुलाला का, हा तितकाच जुना प्रतिप्रश्न. बहुतेक धोरणांवर या दोहोंची छाप दिसते.

गरीब कोणाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागते. युरोपीय संघ देशाच्या मध्यक उत्पन्नाच्या (ज्याच्या वर निम्मे व खाली निम्मे लोक असतात, त्या उत्पन्नाच्या) ६० टक्क्यांवर रेषा आखतो, तर आर्थिक सहकार्य व विकास संघटना ५० टक्क्यांवर. या सापेक्ष रेषेत एक खोच आहे. मंदीत मध्यक उत्पन्न गरिबांच्या उत्पन्नापेक्षा जास्त घसरले, तर रेषाही खाली येते आणि कोणाही मुलाच्या ताटात घासभर जास्त न पडता गरीब मुलांची संख्या घटलेली दिसते. म्हणून पोषण, निवारा, शिक्षण यांतील उणिवाही स्वतंत्रपणे मोजतात.

रोख साहाय्य हा सर्वांत थेट मार्ग. मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ योजनेत आईच्या हाती पैसे दिले, पण मुलांची शाळेतील हजेरी व आरोग्य तपासणी यांची अट घातली. ब्राझीलची ‘बोल्सा फमिलिया’ (२००३) त्याच वळणाची. जिथे शाळा किंवा दवाखानाच दूर आहे, तिथे अशी अट नेमकी सर्वांत गरजू घराला वगळते, हा आक्षेप रास्त आहे.

अमेरिकेत बालकांसाठीची करसवलत १९९७ च्या कायद्याने आली. मात्र पुरेशी कमाई नसलेल्या कुटुंबांना ती पूर्ण मिळत नसे. म्हणजे जितकी गरिबी जास्त, तितकी मदत कमी. २०२१ मध्ये केवळ एका वर्षापुरती ही अट काढली आणि सहा वर्षांखालील मुलामागे ३,६०० डॉलरपर्यंत, त्यावरील मुलामागे ३,००० डॉलरपर्यंत रक्कम केली. निम्मी रक्कम जुलैपासून दरमहा देण्यात आली. करसवलती व सरकारी मदतही उत्पन्नात धरणाऱ्या पूरक मापनानुसार बालदारिद्र्य त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर उतरले. मुदत संपली, कोविड महासाथीतील इतर मदतही थांबली आणि २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झाले.

रोख रकमेइतकेच पालकांच्या रोजगाराला महत्त्व देणारी धोरणेही आहेत. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरात पाळणाघर उपलब्ध केले आणि नोकरी करणाऱ्या मातांचे प्रमाण वाढले.

उद्दिष्ट कायद्यात लिहिल्याने ते टिकतेच असे नाही. ब्रिटनमध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी १९९९ मध्ये वीस वर्षांत बालदारिद्र्य संपवण्याचे वचन दिले, २०१० मध्ये त्याचा कायदा झाला आणि २०१६ मध्ये उत्पन्नाधारित लक्ष्ये रद्दही झाली. न्यूझीलंडच्या २०१८ च्या कायद्यांनी लक्ष्ये ठरवणे बंधनकारक केलेच, शिवाय दरवर्षी अर्थसंकल्पासोबत प्रगतीचा हिशेब मांडण्याची जबाबदारीही सरकारवर टाकली.