प्रोसेसरने टाकून दिलेल्या कामाचे ठसे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पीसी जुळवून घ्यायला गेलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. 'एएमडी गरम होतो' हे जुनं, आणि 'इंटेलमध्ये होल आहे, एएमडी सेफ' हे २०१८ नंतरचं. इंटेल आणि एएमडी या पीसीचे प्रोसेसर बनवणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, आणि होल म्हणजे सुरक्षेतली फट. पहिल्याला निदान एक डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटवाल्यांनी चालू प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, काढून दाखवला, तेव्हा इंटेलच्या पेंटियम ४ ने स्वतःचा वेग कमी करून तग धरली आणि एएमडीचा ॲथलॉन धूर सोडून मेला. ती पिढी केव्हाच भंगारात गेली. वाक्य मात्र अजून काउंटरवर आहे.

दुसरं वाक्य जास्त रंजक, कारण ते अर्धं खरं आहे. ते अर्धंच का, हे कळायला प्रोसेसर किती उतावळा असतो ते बघावं लागेल.

३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा तिसरा हिस्सा. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर जातो. एखादी संख्या रॅममधून आणायची तर असे दोनेकशे ठोके हात बांधून बसावं लागतं. तीच संख्या प्रोसेसरच्या पोटातल्या कॅशमध्ये, म्हणजे छोट्या पण वेगवान मेमरीत सापडली, तर चार-पाच ठोक्यांत काम होतं. वाट पाहण्यातला हा वेळ फुकट जाऊ नये म्हणून प्रोसेसर पुढे काय होईल याचा अंदाज बांधतो आणि पुढच्या सूचना आधीच चालवून टाकतो. याला स्पेक्युलेटिव्ह एक्झिक्युशन म्हणतात. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून घरोघरच्या पीसीत हेच चाललंय. अंदाज बरोबर निघाला तर वेळ वाचला, चुकला तर केलेलं सगळं पुसायचं आणि मागे यायचं. बाहेरून पाहणाऱ्याला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही, असं सगळे धरून चालले होते.

नेहमीचं गिऱ्हाईक लांबून दिसलं की पानवाला त्याचं पान लावायला घेतो. गिऱ्हाईक दुकानाकडे वळलंच नाही, तर ते पान फेकून देतो, हिशेबात नोंद नाही. पण त्यासाठी मागच्या फळीवरून काढलेली गुलकंदाची बरणी पुढेच राहते. आता मी जाऊन एकेक जिन्नस मागायचा आणि कुठला चटकन हाती येतो ते बघायचं. तो माणूस काय खातो हे मला कुणाला न विचारता समजतं. ३ जानेवारी २०१८ ला जाहीर झालेला मेल्टडाउन हा दोष नेमका याच जातीचा होता.

आता आत शिरू. त्या काळी प्रत्येक प्रोग्रामच्या पत्त्यांच्या नकाशात ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची मेमरीही जोडलेली असायची. कर्नलला हाक मारताना दर वेळी नकाशा बदलायला लागू नये, एवढाच हेतू. मेमरी नकाशात दिसते, पण ती वाचायला बंदी. वाचायला गेलात तर एक्सेप्शन, म्हणजे चुकीचा इशारा उठतो आणि प्रोग्राम सहसा तिथेच मरतो.

हल्लेखोर आधी स्वतःची २५६ कप्प्यांची एक ॲरे घेतो. एका बाइटची किंमत ० ते २५५ मधली काहीही असू शकते, म्हणून कप्पे २५६. प्रत्येक कप्पा ४,०९६ बाइटांचा, सगळे मिळून १ मेगाबाइट. इतके ऐसपैस कशाला? कारण प्रोसेसरमध्ये प्रीफेचर नावाचा आणखी एक उतावळा बसलेला असतो. तो न मागता शेजारचा डेटाही कॅशमध्ये आणून ठेवतो. शेजार पुरेसा लांब असला की त्याची लुडबुड होत नाही. ही ॲरे कॅशमधून झाडून पुसून टाकायची आणि मग दोन सूचना द्यायच्या. पहिली: कर्नलच्या अमुक पत्त्यावरचा बाइट वाच. दुसरी: त्या बाइटची जी किंमत येईल, त्या क्रमांकाचा कप्पा उघड.

पहिली सूचनाच बेकायदा आहे. पण इंटेलच्या त्या प्रोसेसरांत एक्सेप्शन उठायचं ते सूचनेचा निकाल क्रमाने पक्का करायची वेळ आल्यावर. तोवर तो बाइट दुसऱ्या सूचनेच्या हाती पडलेला असायचा, आणि तिने कप्पा उघडलेलाही असायचा. मग प्रोसेसर भानावर येतो, दोन्ही सूचना रद्द करतो, रजिस्टरं, म्हणजे चालू हिशेबाचे आकडे ठेवायच्या आतल्या जागा, पूर्वीसारखी करतो. कॅश मात्र पूर्वीसारखी करत नाही! हल्लेखोर एक्सेप्शन झेलतो आणि २५६ कप्पे एकेक करून वाचतो, प्रत्येक वेळी घड्याळ लावून. २५५ कप्पे रडतखडत येतात, एक झटकन येतो. त्याचा क्रमांक हाच चोरलेला बाइट.

कर्नलच्या मेमरीत 'क' हे अक्षर पडलेलं आहे असं समजा. यूटीएफ-८ मध्ये 'क' तीन बाइट घेतो: २२४, १६४, १४९. म्हणजे हा खेळ तीनदा खेळायचा. पहिल्या फेरीत २२४ क्रमांकाचा कप्पा झटकन येईल, दुसऱ्या फेरीत १६४, तिसऱ्या फेरीत १४९. तीनदा खेळायला फार वेळ लागेल असं वाटत असेल, तर शोधकर्त्यांनी प्रयोगात गाठलेला वेग सेकंदाला ५०० किलोबाइटच्या आसपास होता. कुठलंही कुलूप न फोडता, कुठल्याही लॉगमध्ये नोंद न होता.

आणि एएमडी? तिथे परवानगी नसलेला डेटा अंदाजाच्या कामातही पुढच्या सूचनेला मिळत नाही. म्हणून मेल्टडाउन तिथे चाललंच नाही. दोष ९ जानेवारीला जाहीर करायचा असं कंपन्यांचं आपसात ठरलं होतं. पण २६ डिसेंबर २०१७ ला एएमडीच्या एका अभियंत्याने लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी एक छोटा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवला: आमच्या प्रोसेसरांना ही नवी तटबंदी नको, कारण ते वरच्या अधिकाराच्या डेटाला अंदाजाने हात लावू देत नाहीत. जाणत्यांना तेवढा इशारा पुरला. गुपित ठरल्या दिवसाआधी फुटलं.

ती तटबंदी म्हणजे कर्नलचा नकाशा प्रोग्रामच्या नकाशातून काढून वेगळा ठेवणं. वेळ वाचवायला जे जोडलं होतं ते तोडलं, त्यामुळे वेळ पुन्हा लागू लागला. गेम खेळणाऱ्याला फारसा फरक कळला नाही. कर्नलला सारखी हाक मारणारे डेटाबेस सर्व्हर मात्र कण्हू लागले. २०१७ चे बेंचमार्क आलेख, म्हणजे वेगाच्या चाचण्यांचे निकाल, बघून ज्यांनी सर्व्हर घेतले, त्यांना आलेखातला प्रोसेसर पुन्हा कधी मिळाला नाही. हे मला या सगळ्या ब्रँडयुद्धातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि यूट्यूबवरच्या तुलनांत ते क्वचितच येतं.

इथवर 'एएमडी सेफ' हे खरं. पण त्याच दिवशी मेल्टडाउनचं भावंड स्पेक्टरही जाहीर झालं. त्यात अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेलाच फसवून, बळीच्या प्रोग्रामकडून नको तो डेटा हाताळून घेतात. त्यात इंटेल, एएमडी आणि मोबाइलच्या प्रोसेसरांची रचना करणारी एआरएम तिघंही सापडले. स्पेक्टरच्या दुसऱ्या प्रकाराचा धोका 'जवळपास शून्य' असं एएमडीने आधी सांगितलं, आणि आठवड्याभरात त्यासाठी मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती, देणार असल्याचं जाहीर केलं. पुढे २०२३ च्या जुलैत झेनब्लीड नावाचा दोष आला, फक्त एएमडीच्या झेन २ पिढीत. ८ ऑगस्टला एकाच दिवशी दोन दोष जाहीर झाले, इंटेलचा डाउनफॉल आणि एएमडीचा इन्सेप्शन. फिटंफाट.

नावं आणि लोगो बघितलेत ना? स्पेक्टरच्या लोगोतल्या भुताच्या हातात झाडाची फांदी आहे. भुताचं चित्र काढलं की बातमी पळते. मार्च २०१८ मध्ये इस्रायलच्या सीटीएस लॅब्स या सुरक्षा कंपनीने एएमडीला जेमतेम २४ तास देऊन तिच्या रायझेन प्रोसेसरांमधले दोष चकचकीत व्हिडिओसकट जाहीर केले. अशा वेळी ९० दिवस देण्याचा रिवाज आहे. लगोलग एका शॉर्ट-सेलर, म्हणजे शेअर पडला की कमावणाऱ्या संस्थेने एएमडीच्या शेअरची किंमत शून्य असल्याचा अहवालही काढला. दोष खरे होते, पण त्यासाठी आधी यंत्राचे ॲडमिन अधिकार हातात असावे लागत, आणि ज्याच्या हातात ते आहेत त्याला एवढा खटाटोप करायची गरजच काय? असल्या बातम्यांनी दचकणारे आणि दसऱ्याला पीसीला झेंडूचा हार घालून अपडेटची सूचना वर्षभर 'नंतर'वर ढकलणारे, हे बरेचदा एकच असतात.

लिनक्स वापरत असाल तर टर्मिनलवर 'एलएससीपीयू' (lscpu) ही आज्ञा देऊन बघा. सगळ्यात खाली दोषांची यादी येते, प्रत्येकापुढे शेरा. एएमडी असेल तर मेल्टडाउनपुढे 'नॉट अफेक्टेड' दिसेल. इंटेलच्या अलीकडच्या पिढ्यांतही तेच दिसतं, कारण ती चूक त्यांनी सिलिकॉनमध्येच, म्हणजे चिपच्या रचनेतच दुरुस्त केली. आता स्पेक्टरच्या ओळी बघा. नुकताच घेतलेला प्रोसेसर असला, दोघांपैकी कुणाचाही असला, तरी बहुधा तिथे 'मिटिगेशन', म्हणजे दोष आहे पण त्यावर उपाय लावलाय, असंच लिहिलेलं असेल.