ट्रोलधाड, सीमापार

एका देशाच्या वा भाषेच्या समाजमाध्यमी वापरकर्त्यांनी ठरवून, एकाच वेळी परदेशातील व्यक्ती, संस्था वा कंपनीच्या खात्यावर टर, शिवीगाळ, मीम किंवा निषेधाचा मारा करणे. निमित्त बहुधा राष्ट्राच्या अपमानाचे असते; तो खरा असतोच असे नाही. पगारी प्रचारयंत्रणेपासून ही धाड वेगळी धरतात, पण व्यवहारात दोन्हींची सरमिसळ होते.

उगमाबद्दल दोन मते आहेत. एक मत तो २००६ च्या सुमारास, फोरचॅन या निनावी संदेशफलकाच्या मंडळींनी ‘हॅबो हॉटेल’ या ऑनलाइन खेळात घातलेल्या गोंधळात पाहते. मात्र तेथे झुंड होती, राष्ट्र नव्हते. त्यामुळे जानेवारी २०१६ मधील चिनी ‘दीबा’ मोहीम हा पहिला पूर्ण नमुना मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दीबा हा बायदू टिएबा या चिनी चर्चामंचावरील गट मुळात ली यी या फुटबॉलपटूच्या नावाचा, आणि त्याचीच खिल्ली उडवण्यासाठी प्रसिद्ध. कोरियन पॉप गायिकांच्या गटातील तैवानी गायिका चोऊ त्झू-यू हिने तैवानचा झेंडा हाती धरल्यावरून वाद पेटला; चीन तैवानला आपलाच भाग मानतो. १५ जानेवारीला तिची माफीची चित्रफीत आली, दुसऱ्या दिवशी चीनपासून वेगळेपण जपू पाहणाऱ्या त्साय इंग-वेन तैवानची अध्यक्षीय निवडणूक जिंकल्या आणि २० तारखेला त्यांच्या व काही वृत्तसंस्थांच्या फेसबुक पानांवर धाड पडली. चीनमध्ये फेसबुक २००९ पासून बंद असल्याने धाडकरी व्हीपीएनने आपल्याच सरकारची भिंत ओलांडून आले होते. माहिती काढणारे, चित्रे बनवणारे, भाषांतर करणारे, लाइक व तक्रारी करणारे अशा तुकड्या पाडलेल्या होत्या. या घटनेला कोणी सरकारप्रेरित ठरवतात, कोणी चाहतेगिरीतून आलेला राष्ट्रवाद म्हणतात. दुसरे मत तुकड्यांच्या रचनेशी जास्त जुळते.

भारतात २०१४ मध्ये सचिन तेंडुलकरला ओळखत नसल्याचे सांगणाऱ्या टेनिसपटू मारिया शारापोवाच्या पानावर मल्याळममध्ये टिप्पण्यांचा पूर आला. तिला ती भाषा वाचता येत नव्हती, म्हणजे श्रोते घरचेच होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये, शेतकरी आंदोलनात बाहेरच्यांनी पडू नये अशा अर्थाच्या तेंडुलकरच्या ट्विटनंतर, तिथेच शारापोवाला उद्देशून माफीनामे उमटले.

कोल्हापूरचा संबंध जून २०२५ चा. मिलानमधील प्रदर्शनात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरी पायताणासारख्या चपला श्रेय न देता दाखवल्या आणि कंपनीवर भारतभरातून टीकेची झोड उठली. टीकेला आधार होता, म्हणून काही जण ही धाड मानत नाहीत. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या पत्राला उत्तर देताना प्राडाने भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. २०१९ चे भौगोलिक मानांकन मात्र आठ जिल्ह्यांचे आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. देशाच्या नावाने चाललेल्या ओरड्यात ही वाटणी झाकली गेली. अथणी, निपाणीच्या कारागिरांची आठवण कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी स्वतंत्रपणे करून दिली. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने लिडकॉम आणि लिडकर या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला.