लोकसहभागी पर्यावरणीय आरोग्य मूल्यमापन

वस्तीतील पाणी, हवा, माती, घरे, सांडपाणी व कचरा यांचा तिथल्या माणसांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, हे रहिवासी आणि आरोग्य खात्याचे तज्ज्ञ यांनी मिळून तपासण्याची व त्यावरून कामांचा क्रम लावण्याची पद्धत. नेहमीच्या सरकारी पाहणीत काय मोजायचे ते आधीच ठरलेले असते. इथे तो निर्णय वस्ती घेते. पद्धतीचे खरे वेगळेपण एवढेच, पण ते लहान नाही.

तिची सर्वांत आखीव मांडणी अमेरिकेत झाली. तेथील काउंटी व शहर आरोग्य अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना (नॅक्चो) आणि रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्र (सीडीसी) यांनी २००० साली ‘पेस ईएच’ ही मार्गदर्शिका काढली. तिच्यात १३ टप्पे आहेत. गट जमवणे, वस्तीची व्याप्ती ठरवणे, प्रश्नांची यादी करणे हे सुरुवातीचे टप्पे सरळ आहेत. कस लागतो तो निर्देशक, म्हणजे धोका मोजण्याची खूण, निवडताना. लहान मुलांच्या रक्तातील शिसे हा थेट निर्देशक. पण प्रत्येक मुलाची रक्ततपासणी झालेली नसते. अशा वेळी १९७८ पूर्वी बांधलेल्या घरांचे प्रमाण पाहतात, कारण घरगुती रंगातील शिशावर अमेरिकेत त्या वर्षी बंदी आली. जुन्या रंगाचे पोपडे, त्यांची धूळ, रांगत्या मुलाचे हात आणि शेवटी रक्त, अशी साखळी मांडली की ती कुठे तोडता येईल तेही दिसते.

गांभीर्यानुसार क्रमवारी आणि कृतीचे अग्रक्रम हे दोन टप्पे मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. सर्वांत गंभीर धोका स्थानिक यंत्रणेच्या आवाक्याबाहेर असू शकतो, तर त्याहून किरकोळ धोका थोड्या खर्चात दूर होण्यासारखा असतो.

रहिवाशांचे निरीक्षण म्हणजे नुसती तक्रार, असे मानण्याची सवय जुनी आहे. अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरात रासायनिक कचरा पुरलेल्या जागेभोवती वसलेल्या लव्ह कॅनॉल वस्तीत तिथल्या रहिवासी लोइस गिब्ज यांनी शेजाऱ्यांचे आजार नकाशावर मांडले, तेव्हा ते बुजलेल्या जुन्या ओहोळांच्या कडेने दाट दिसले. आरोग्य खात्याने आधी या नोंदींना किंमत दिली नाही. अमेरिकेतल्याच फ्लिंट शहरात २०१५ मध्ये रहिवाशांनी नळाच्या पाण्याचे नमुने गोळा केले, व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने ते तपासले आणि पाण्यातील शिसे उघड झाले.

मात्र पद्धतीला मर्यादाही आहेत. वस्ती लहान असली की रुग्णांची संख्याही थोडी असते, आणि एका गल्लीत दिसणारे कर्करोगाचे रुग्ण निव्वळ योगायोगानेही एकत्र आलेले असू शकतात. अशा आकड्यांवरून कारण सिद्ध करणे अवघड असते. दुसरी अडचण बैठकीला कोण येते याची. भाडेकरू, रात्रपाळीचे कामगार, स्थलांतरित यांना वेळ मिळत नाही. मग घरमालकांना खुपणारी दुर्गंधी यादीत वर चढते, आणि ओल धरलेल्या खोल्यांमधला दमा खाली राहतो.