ब्रुकलँड्स

इंग्लंडच्या सरे परगण्यात वेब्रिजजवळ असलेला, वळणांना उतार देऊन बांधलेला जगातला पहिला मोटारशर्यतींचा ट्रॅक. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी २० मैलांची (सु. ३२ किमी.) मर्यादा होती. फ्रान्स-इटलीसारख्या रस्त्यावरच्या शर्यती तिथे होत नसत, त्यामुळे ब्रिटिश कारखान्यांना गाड्यांचा कस लावायला जागाच नव्हती. ही अडचण ओळखून जमीनदार ह्यू लॉक किंग यांनी आपल्याच जमिनीवर, स्वखर्चाने हा ट्रॅक उभारला. १७ जून १९०७ रोजी उद्‌घाटनाच्या फेरीत सर्वांत पुढची मोटार त्यांच्या पत्नी एथेल चालवत होत्या.

बाहेरचा फेरा २.७५ मैलांचा (सु. ४.४ किमी.), रुंदी १०० फूट, वळणांवरचा उतार जवळजवळ ३० फूट चढत गेलेला. काँक्रीट पुढे ठिकठिकाणी खचले. वे नदीवरच्या पुलापाशी तर भरधाव गाडीची चारही चाके जमीन सोडत; छायाचित्रकार तिथेच दबा धरून बसत.

मोटारशर्यतीचे नियमच तोवर धड ठरलेले नव्हते, म्हणून ते घोड्यांच्या शर्यतींकडून घेतले गेले. गाड्यांवर आकडे नव्हते. चालक जॉकीसारखे रंगीत अंगरखे घालत. हँडिकॅपही तिथूनच आला: संथ गाडी आधी सोडायची, वेगवान गाडी मागून.

शेजारी आवाजाला कंटाळले होते. रात्री गाड्या पळवायला बंदी आली, म्हणून १९२९ मध्ये २४ तासांची शर्यत बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत विभागली गेली. तिचे नाव ‘डबल ट्वेल्व्ह’. १९२६ मध्ये ब्रिटनची पहिली ग्रां प्री इथेच झाली. विजेत्या डेलाज गाडीत एक्झॉस्टच्या उष्णतेने चालकांचे पाय अक्षरशः भाजत. सेनेशाल आणि वॅग्नर यांनी ती आळीपाळीने चालवून शर्यत पुरी केली.

स्त्रियांना सुरुवातीला पुरुषांबरोबर उतरू दिले जात नसे. या इतिहासात के पेट्री यांचे नाव ठळकपणे घ्यायला हवे. पाच फुटांहूनही कमी उंचीच्या या चालकाने १९३५ मध्ये साडेदहा लिटर इंजिनाच्या डेलाजमधून ताशी १३४.७५ मैल वेगाने फेरी पूर्ण केली. त्याच वर्षी जॉन कॉब यांनी विमानाचे २४ लिटरचे इंजिन बसवलेल्या नेपियर-रेल्टनमधून ताशी १४३.४४ मैलांचा (सु. २३१ किमी.) फेरीचा विक्रम केला. तो कायमचाच ठरला.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि शर्यती थांबल्या त्या थांबल्याच. आवारात आधीपासून असलेल्या विमान कारखान्यांनी जागा व्यापली, ट्रॅक तोडला गेला. १९४६ मध्ये मालमत्ता विकर्स कंपनीकडे गेली. उरलेल्या उतारांलगत आता संग्रहालय आहे. कॉब यांची नेपियर-रेल्टनही तिथेच आहे.